पुण्याचे चार फुटबॉल-संघ

इसवी सन २०१५ च्या वसंतांत, सगळ्या देशांत ज्यांची गणना अव्वल दर्जांत व्हावी, असे तीन फुटबॉल-संघ एकट्या पुणें शहरांत होते. तें वर्ष सरण्यापूर्वींच त्यांतील दोन नाहींसे झाले. २०१६ उजाडतांच चौथा एक संघ पुढें आला. तो दोन मोसम खेळून २०१७ सालीं बाद झाला. आणि २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत उरलासुरला एक संघ आपलें बिऱ्हाड उचलून हैदराबादेस निघून गेला. बालेवाडीचें जें विस्तीर्ण क्रीडांगण १९९४ सालच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांकरितां बांधलें, तें जागच्या जागीं आहे. शहराची वस्ती वाढतेच आहे. फुटबॉलचे जोडे मागणारीं मुलेंहि पूर्वींपेक्षां किती तरी अधिक आहेत. नाहींत ते फक्त संघ. चार धनिकांनीं हौसेनें मांडलेले हे चार डाव साडेचार वर्षांत मोडले, त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें आम्हीं योजिलें आहे.

‘मग त्यांत आमचें काय गेलें?’ असा प्रश्न कित्येक वाचक करतील. ज्या घरीं हें मासिक जातें, त्या घरांतून फुटबॉलकडे कौतुकानें पाहण्याची चाल फारशी नव्हती. क्रिकेट हा जांवयासारखा मानाचा खेळ. फुटबॉल म्हणजे लष्करांतल्या आणि खडकीच्या पलटणींतल्या लोकांचा, किंवा पावसाळ्यांत क्रिकेट बंद असतें म्हणून खेळावयाचा. आमच्या शाळेंत वर्षास एक चेंडू मिळे. तो उसवला म्हणजे मोच्याकडे पाठवावयाचा, आणि परत येईपर्यंत मुलांनीं हुतूतू घालावयाचा, असा परिपाठ होता. परंतु आतां दिवस पालटले आहेत. इंग्लंड-स्पेनांतील सामने रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत जागून पाहणारे नातू घरोघर आहेत, आणि त्यांतील एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा एके दिवशीं जेवतांना सांगून टाकतो कीं, मला फुटबॉलच खेळावयाचा आहे, त्यांतहि आतां पैसा आहे. हा पैसा येतो कोठून, थांबतो किती दिवस आणि जातो कसा, हें घरांतील वडील माणसांनीं समजून घेणें म्हणून अगत्याचें झालें आहे. शितावरून भाताची परीक्षा करावी, या स्थालीपुलाकन्यायास अनुसरून आम्ही पुण्याचेंच शीत हातीं घेतों.

पैसा या खेळांत आतांच शिरला, असें मात्र कोणीं समजूं नये. इंग्लंडांत खेळाबद्दल उघड वेतन देण्यास १८८५ सालीं मान्यता मिळाली. १९०५ सालीं आल्फ कॉमन नांवाचा खेळाडू मिडल्सब्रोच्या संघानें एक हजार पौंड मोजून सुंदरलंडकडून घेतला, तेव्हां माणसांची खरेदी-विक्री चालली म्हणून त्या देशांत मोठा गहजब उडाला. त्याच इंग्लंडांत १९६१ पर्यंत खेळाडूस आठवड्यास वीस पौंडांहून अधिक वेतन देतां येत नसे, हें आज कोणास सांगितलें तर खरें वाटणार नाहीं. २०१७ सालीं नेमार या ब्राझिली खेळाडूकरितां पॅरिसच्या संघानें बार्सिलोनास २२ कोटि २० लक्ष युरो दिले. आणि तो पैसा तिकिटांच्या विक्रींतून आलेला नसून कतार देशाच्या सरकारी गुंतवणुकींतून आलेला होता. प्रेक्षकांच्या खिशांतून चालणारा खेळ राजांच्या खजिन्यांतून चालूं लागला, तो असा.

आपल्याकडे पैशानें निराळें सोंग घेतलें होतें. मुंबईस टाटा, महिंद्र, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे, राज्य पोलीस अशा मोठमोठ्या आस्थापनांचे संघ असत. खेळाडू कागदोपत्रीं कारकून, नाहीं तर शिपाई. सकाळीं मैदानावर घाम गाळावयाचा आणि दुपारीं हजेरीपटावर सही करून टेबलाशीं पेंगावयाचें, असा त्याचा दिनक्रम. यांत थोडी लबाडी होती, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु त्या लबाडींत एक माणुसकी होती. गुडघा निकामी झाला तरी नोकरी सुटत नसे. तिशी उलटली म्हणजे खेळ थांबे, पगार थांबत नसे. आणि अखेरीस भविष्यनिर्वाह निधि व निवृत्तिवेतन हातीं पडे. मुलगी देतांना सासरे लोक ‘फुटबॉल खेळतो’ हें ऐकून कपाळाला आठ्या घालीत, पण ‘रेल्वेंत आहे’ हें ऐकतांच त्या आठ्या मावळत.

ही व्यवस्था हळूहळू मोडली. कारखान्यांनीं हात आखडते घेतले. राष्ट्रीय विजेतेपद मिळवून चार वर्षें झालीं न झालीं तोंच महिंद्रांनीं २०१० सालीं आपला संघ गुंडाळला. दुसऱ्या बाजूनें आशियाच्या फुटबॉल-महासंघाचे परवान्याचे नवे नियम आले. संघ म्हणजे कोणत्या तरी कचेरीचें एक खातें असून चालणार नाहीं, त्याची स्वतःची कंपनी पाहिजे, स्वतःचे हिशेब पाहिजेत, तरुणांचे संघ पाहिजेत, असें त्यांचें म्हणणें. म्हणणें वावगें नव्हतें. २०१३ सालीं या नियमांत न बसल्यामुळें एअर इंडिया व ओ. एन. जी. सी. या दोन सरकारी संघांस आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेंतून वगळण्यांत आलें. नोकरी देणारा संघ बाद, आणि करार देणारा संघ आंत, असा हा पालट होता. नोकरी जन्माची असते, आणि करार मोसमाचा.

पुण्यांतील पहिला संघ या नव्या नियमांत शोभून दिसेल असाच होता. अशोक पिरामल समूहानें २००७ सालीं ‘पुणें फुटबॉल क्लब’ स्थापन केला. त्यानें खालच्या वर्गांतून खेळून, जिंकून, २००९ सालीं आय-लीगमध्यें प्रवेश मिळविला. कोणाच्या शिफारशीनें नव्हे. पहिल्याच मोसमांत तिसरा क्रमांक, आणि २०१२-१३ सालीं गोमंतकाच्या चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा. डेरिक परेरा हे गोमंतकीय मार्गदर्शक कित्येक वर्षें या संघास लाभले. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे या संघानें मुलांकरितां निवासी प्रबोधिनी चालविली, आणि वीस वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत तिनें नांव काढलें. ज्या गांवांत फुटबॉलची परंपरा पेठांतून नव्हे तर छावणींतून आली, त्या गांवांत सहा-सात वर्षांत इतकें काम उभें राहिलें, हें पैशाचेंच काम होतें. आणि तें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों. नुसत्या त्यागावर हिरवळ वाढत नाहीं, तिला पाणी लागतें आणि पाण्याचें बिल येतें.

मग बिघडलें कोठें? तें समजण्यास १५ वर्षांच्या एका कराराकडे पाहिलें पाहिजे. २०१० च्या डिसेंबरांत अखिल भारतीय फुटबॉल-महासंघानें आपले व्यापारी हक्क आय. एम. जी.-रिलायन्स या कंपनीस १५ वर्षांकरितां ७०० कोटि रुपयांना दिले. त्यांतून २०१४ सालीं ‘इंडियन सुपर लीग’ ही नवी स्पर्धा निघाली. शहरें निवडलीं आठ, प्रत्येक शहराचा मक्ता बोलीनें दिला, आणि सामने वर्षांतील अडीच महिने, दूरचित्रवाणीच्या सोयीनें. जुन्या संघांस त्यांत जागा नव्हती. कारण तेथें जागा खेळून मिळावयाची नव्हती, पैसे भरून मिळावयाची होती. शेवटचा क्रमांक आला तरी खालच्या वर्गांत उतरावें लागत नसे. ज्या शाळेंत नापास होण्याची सोयच नाहीं, तिच्या निकालाची किंमत काय, हें आमच्यासारख्या शिक्षकी पेशांतल्या माणसास निराळें सांगावयास नको!

पुण्याचा मक्ता वाधवान समूहानें घेतला. कपिल वाधवान यांच्या जोडीस चित्रपटनट हृतिक रोशन होते, आणि इटलींतील फिओरेंतिना या जुन्या संघाचेंहि अंग होतें. ‘एफ. सी. पुणें सिटी’ असें नांव ठेविलें. पहिल्या वर्षीं फ्रान्सला विश्वचषक मिळवून देणाऱ्या संघांतील त्रेझेगे हा खेळाडू आणिला, दुसऱ्या वर्षीं रुमानियाचा मुतु. दोघेहि एके काळचे असामान्य वीर. दोघांचीहि उमर त्या वेळीं छत्तिशीच्या घरांत. लग्नांत मांडवाच्या दारीं सनई हवी तशी ही योजना होती. तिच्यावर संसार चालणार नव्हता. तथापि लोक आले. नारिंगी अंगरखे घालून ढोल वाजविणारीं मुलें-मुली बालेवाडीस जमूं लागलीं, आणि २०१७-१८ च्या मोसमांत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला. तेथें बंगळूरकडून हार झाली. त्या मुलांचें प्रेम खोटें होतें, असें आम्ही कधींहि म्हणणार नाहीं.

आतां गंमत पाहा. एका शहरांत एक संघ खेळून वर आलेला, आणि दुसरा मक्ता घेऊन बसलेला. प्रेक्षक, जाहिराती, वर्तमानपत्रांतील रकाने, सगळें दुसऱ्याकडे वळलें. पिरामल समूहानें वर्षभर हें पाहिलें आणि २०१५ मध्यें आपला संघ बंद केला. प्रबोधिनी पुढें पुणें सिटीनें घेतली. त्याच सुमारास कल्याणी समूहानें ‘भारत एफ. सी.’ नांवाचा संघ काढून आय-लीगमध्यें थेट प्रवेश घेतला होता. हा संघ पुण्यांत एकच मोसम खेळला आणि अकरांत अकरावा आला. परंतु थेट प्रवेश घेणाऱ्यांस सुरुवातीचीं वर्षें खालच्या वर्गांत उतरावें लागूं नये, असा नियम असल्यामुळें शेवटचा आलेला तो राहिला, आणि दहावा आलेला गोमंतकाचा धेंपो संघ उतरला. धेंपो म्हणजे पांच वेळां राष्ट्रीय विजेता झालेला संघ! आणि ज्याच्यासाठीं त्याला उतरावें लागलें, त्या भारत एफ. सी.नें कांहीं महिन्यांत आपलें दुकानच आवरलें. खेळाच्या इतिहासांत अन्याय पुष्कळ झाले असतील, पण इतका हिशेबी अन्याय विरळा. २०१६ सालीं धेंपो, साळगांवकर व स्पोर्टिंग या तिन्ही गोमंतकीय संघांनीं राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलें, यांत नवल तें काय?

चौथा संघ ‘डी. एस. के. शिवाजियन्स’. शिवाजियन्स हा पुण्यांतला जुना स्थानिक संघ, त्यास डी. एस. कुलकर्णी यांच्या बांधकाम-समूहानें आश्रय दिला, आणि इंग्लंडांतील लिव्हरपूल संघाशीं करार करून पुण्याजवळ एक निवासी प्रबोधिनी उघडली. मराठी नांव, पुणेरी मालक, आणि लिव्हरपूलची छाप: आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत या संघाचें कौतुक झालें तें यामुळेंच. आय-लीगमध्यें दोन मोसम झाले. पुढें समूहच अडचणींत आला, २०१७ सालीं संघ गेला, प्रबोधिनी गेली. त्या समूहांत हजारों लोकांच्या ठेवी अडकल्या आणि ठेवीदारांच्या तक्रारींवरून २०१८ च्या फेब्रुवारींत कुलकर्णी यांस अटक झाली, हें पुण्यांतल्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको. त्यांतील कांहींच्या निवृत्तीचा पैसा त्यांतच होता. त्या प्रकरणाचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. परंतु ठेव ठेवणारा आजोबा आणि प्रबोधिनींत चेंडू मारणारा मुलगा हे दोघेहि एकाच थैलीवर विसंबून होते, ही गोष्ट फुटबॉलचे समालोचक सांगत नाहींत, म्हणून आम्ही सांगतों.

पुणें सिटीचेंहि तेंच झालें. वाधवान यांची दिवाण हौसिंग फायनान्स ही कंपनी २०१८ च्या उत्तरार्धांत संकटांत सांपडली. २०१९ च्या नोव्हेंबरांत रिझर्व्ह बँकेनें तिचें संचालक-मंडळ बरखास्त केलें. त्याआधीं, ऑगस्टांतच, संघाचा मक्ता दुसऱ्या मालकांकडे गेला होता आणि शहरहि बदललें होतें. संघ हरला म्हणून गेला नाहीं. घरांसाठीं कर्जें देणारी एक कंपनी बुडूं लागली म्हणून गेला. हैदराबादेच्या या नव्या संघानें २०२२ च्या मार्चांत गोमंतकांत केरळच्या संघास नमवून विजेतेपद मिळविलें, आणि त्या मोसमांत त्याच्याकडून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळत होता. आपल्या मुलाचें यश पाहावयास आपणांस दुसऱ्याच्या गांवचें निशाण पाहावें लागलें. आणि दोन वर्षांत तेथेंहि तीच कथा! २०२३-२४ च्या मोसमांत वेतन थकलें, परदेशी खेळाडू एकामागून एक निघून गेले, संघ तळाशीं गेला. पुढें मालक बदलले, आणि २०२५ सालीं तो संघ दिल्लीस गेला. पुणें, हैदराबाद, दिल्ली: अकरा वर्षांत तीन गांवें. नाटक कंपन्याहि इतक्या वेगानें मुक्काम हलवीत नसत.

नाटक कंपन्यांची आठवण उगीच झाली नाहीं. गंधर्व नाटक मंडळीचे दिवस आमच्या आजोबांनीं पाहिलेले. रेशमी पडदे, उंची वस्त्रें, अत्तरें, आणि त्यापायीं डोक्यावर चढलेलें कर्ज. कंपनीचा संसार कसा चालला आणि कसा मोडला, याच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं माजघरांत ऐकल्या आहेत. परंतु एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. तें कर्ज फिटावयाचें तें तिकिटांवरच. प्रेक्षक आले तर कंपनी तरावयाची, न आले तर बुडावयाची; म्हणजे तिचें जगणें-मरणें रसिकांच्या हातीं होतें. या फुटबॉल-संघांचें तसें नाहीं. आपण कागदावर हिशेब मांडूं. समजा, दर सामन्यास दहा हजार लोक आले, दरडोई दोनशें रुपये दिले, आणि घरच्या मैदानावर नऊ सामने झाले: सगळे मिळून एक कोटि ऐंशी लक्ष रुपये. एका नामांकित परदेशी खेळाडूच्या करारांत एवढी रक्कम सहज उडून जाते. मग विमानें, भोजनालयें, मैदानाचें भाडें आणि उरलेले पंचवीस खेळाडू कशावर जगावयाचे? अर्थात् मालकाच्या मूळ धंद्यावर. त्या धंद्यास सर्दी झाली कीं संघास क्षय होतो. प्रेक्षकांनीं कितीहि टाळ्या वाजविल्या तरी त्यांचें औषध लागूं पडत नाहीं.

हें सारें मोठ्या भांड्यांतहि तसेंच आहे. तो १५ वर्षांचा करार २०२५ च्या डिसेंबरांत संपला. पुढें काय, हें न ठरल्यामुळें त्या वर्षाचा मोसम वेळेवर सुरूच झाला नाहीं. कित्येक संघांनीं सराव थांबविला, कांहींनीं वेतन थांबविलें. हक्कांकरितां निविदा मागविल्या तर एकहि आली नाहीं. अखेर सरकारनें मध्यें पडून २०२६ च्या फेब्रुवारींत स्पर्धा, थोडक्यांत कां होईना, भरविण्याचें ठरविलें. मुंबईच्या संघांत मँचेस्टर सिटीच्या मालकांनीं २०१९ सालीं ६५ टक्के वाटा घेतला होता. त्यांनींहि या गोंधळांत आपलें अंग काढून घेतलें. अबूधाबीची थैलीहि जेथें थकते, तेथें इतरांची कथा काय!

या सर्वांत कोणाचें किती नुकसान होतें, हेंहि सारखें नाहीं. परदेशी खेळाडूचें वेतन थकलें तर तो झुरिकच्या जागतिक महासंघाकडे दाद मागतो. पैसे मिळेपर्यंत संघास नवे खेळाडू घेण्याची बंदी होते. त्याचें काम होतें. आमचा एक माजी विद्यार्थी एका संघांत खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करावयास होता. संघाचें नांव घेण्याचें कारण नाहीं. चार महिन्यांचें वेतन थकलें तेव्हां त्यानें कोणाकडे जावें? झुरिकचा रस्ता त्यास ठाऊक नव्हता, आणि मजूर-न्यायालयाचा रस्ता लांब होता. मैदानाची हिरवळ राखणारा माळी, मुलांच्या वसतिगृहांतील स्वयंपाकी, गाडीचा चालक यांचीं नांवें कोणत्याहि करारांत नसतात. तो विद्यार्थी आतां एका रुग्णालयांत नोकरीस आहे. फुटबॉलचा विषय निघाला कीं तो हंसून दुसरें कांहीं बोलूं लागतो.

परदेशांतहि संघ मरतात. पुण्याचा संघ गेला त्याच महिन्यांत, २०१९ च्या ऑगस्टांत, इंग्लंडांतील बरी हा १८८५ सालीं स्थापन झालेला संघ कर्जापायीं लीगमधून काढून टाकण्यांत आला. परंतु तेथील गांवकऱ्यांनीं वर्गण्या गोळा केल्या, भांडणें मिटविलीं, जुनें मैदान सोडवून घेतलें, आणि २०२३ पासून तेथें पुन्हां खालच्या वर्गाचे सामने होऊं लागले. जर्मनींत तर संघाच्या मतांचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहिला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. धनिकानें पैसा घालावा, पण घराच्या किल्ल्या सभासदांच्या कमरेला. कलकत्त्यास मोहन बागान या १८८९ च्या संघाच्या नांवामागें २०२० सालीं नव्या मालकांनीं आपल्या जुन्या संघाचीं आद्याक्षरें जोडलीं, तेव्हां पाठीराख्यांनीं तीन वर्षें निषेध चालू ठेवून तीं २०२३ सालीं काढावयास लाविलीं. पुण्यांत असा निषेध कोण करणार होता? पुणें सिटी हें नांवच मुळीं पांच वर्षांचें. ज्याचें आजोळ नाहीं, त्याच्यासाठीं मामा कोठून धांवून येणार?

कोल्हापूरकडे पाहिलें म्हणजे हा भेद डोळ्यांपुढें उभा राहतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ: हे संघ कोणा एका शेठजींचे नव्हेत, पेठांचे आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला म्हणजे दुकानें अर्धीं मिटतात. तेथें सगळें सोज्वळ आहे असें मात्र नाहीं. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, पेठापेठांची ईर्षा वाढली, आफ्रिकेंतील खेळाडू मोबदला देऊन आणण्याची चाल पडली, आणि प्रेक्षकांतील मारामाऱ्यांनीं पोलिसांस मैदानांत यावें लागलें. राष्ट्रीय लीगपर्यंत पोहोंचेल असा संघहि त्यांतून निघालेला नाहीं. पेठेचें प्रेम संघाला जिवंत ठेवतें, पण त्याला वर चढण्यास लागणारा वैद्य, आहार, शिक्षण हें तें देऊं शकत नाहीं. धनिक हें सारें देतो, आणि एके दिवशीं उठून जातो. या दोहोंची गांठ महाराष्ट्रांत अजून कोणीं घातलेली नाहीं. घालतां येणार नाहीं असें नाहीं. सहकारी बँका आणि वाचनालयें जेथें सभासदांच्या वर्गणीवर शंभर शंभर वर्षें चाललीं, त्या गांवास सभासदांचा फुटबॉल-संघ चालवितां येऊं नये, हें आम्हांस पटत नाहीं. एका श्रीमंताकडून एक कोटि घेण्यापेक्षां दहा हजार घरांकडून वर्षास हजार रुपये घेणें कठीण खरें. पण रक्कम तीच होते, आणि दहा हजार घरें एकाच दिवशीं दिवाळखोर होत नाहींत.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या आप्तांपैकीं एका एकत्र कुटुंबांत हाच प्रश्न निघाला. मुलगा पंधरावें संपवून सोळाव्यांत पडलेला, पाय चपळ, आणि परगांवच्या एका निवासी प्रबोधिनीनें त्याची निवड केलेली. वार्षिक शुल्क लाखांच्या घरांत. घरांतील वडील मंडळींत त्यास ‘अण्णा’ म्हणतात ते त्याचे आजोबा बँकेंतून निवृत्त झालेले, ते म्हणाले, “खेळाला माझी ना नाहीं, पण ज्या झाडाला मूळ नाहीं त्यावर घरटें बांधावयास पोराला कशाला पाठवितां?” मुलाच्या वडिलांचा कल पाठविण्याकडे. ते म्हणाले, “अण्णा, तुमच्या बँका तरी कोठें अमर आहेत? आतां नाहीं गेला तर पुढें वय राहत नाहीं.” हेंहि खोटें नव्हे. आई कांहीं बोलेना. अखेर मुलाच्या काकूंनीं, त्या हिशेबनिसाचें काम करितात, प्रबोधिनीनें पाठविलेला करार मागून घेतला आणि चष्मा पुसून सगळ्यांच्या देखत वाचला. मग त्यांनीं तीनच प्रश्न विचारले. संघ मध्येंच बंद पडला तर भरलेलें शुल्क परत कोण देणार? मुलाची खेळाडू म्हणून झालेली नोंदणी मोकळी होणार, कीं बंद पडलेल्या कंपनीकडेच अडकून राहणार? आणि अकरावी-बारावीची परीक्षा कोणत्या शाळेंतून, कोण घेणार? करारांत मुलानें पाळावयाच्या अटी दोन पानें होत्या. प्रबोधिनीनें पाळावयाच्या अटी चार ओळींत आटोपल्या होत्या, आणि या तिन्ही प्रश्नांचें उत्तर त्यांत नव्हतें.

तसें पत्र लिहून विचारलें. तीन आठवड्यांनीं उत्तर आलें तें रंगीत माहितीपत्रकाच्या रूपानें; त्यांत युरोपांतील एका मैदानाचें सुरेख छायाचित्र होतें.

मुलगा दोन दिवस जेवला नाहीं. तिसऱ्या दिवशीं अण्णांनीं स्वतः लक्ष्मी रस्त्यावर जाऊन त्यास नवे जोडे घेऊन दिले, आणि दोघांत असें ठरलें कीं, बारावी पुण्यांत करावयाची, तोंपर्यंत जिल्हा लीगमधील एका स्थानिक संघाकडून खेळावयाचें. या संघाची वर्गणी वर्षास कांहीं हजार; मार्गदर्शक एका शाळेंतील क्रीडाशिक्षक. सामना असेल त्या दिवशीं अण्णा छत्री घेऊन मैदानाच्या कडेला उभे असतात. बाद-नियम त्यांस अजून नीटसा कळत नाहीं, तरी पंचावर रागावतात मात्र वेळेवर. तो करार काकूंनीं टाकून दिलेला नाहीं. शिसपेन्सिलीनें समासांत खुणा करून कपाटांतील फायलींत ठेविला आहे. पुढच्या वर्षीं दुसरी कोणती प्रबोधिनी आली तर तिच्याशेजारीं ठेवून ताडून पाहण्यास तो उपयोगी पडेल, असें त्या म्हणतात.